चुका वासुदेवभाऊंच्या नावावर

आमच्या ऑफिसात काहीही बिघडलं, की वासुदेवभाऊ हात वर करून सांगतात, "मीच केलं असन." सर्व्हर बसला, मीच. लिफ्ट अडकली, मीच. एकदा अंजनगावला भाचीच्या लग्नात होते. प्रोग्राम बंद पडल्याचं कळलं, तसा मांडवातूनच फोन केला, "मॅडम, मीच केलं असन. पोरायले बोलू नका."

अमरावतीत आमची लहानशी सॉफ्टवेअर कंपनी आहे. शीतगृहात कोणत्या शेतकऱ्याचा माल कोणत्या खोलीत आहे, ते आमचं सॉफ्टवेअर सांगतं. टीमची प्रमुख मी. वासुदेवभाऊ वयानं मोठे, पण हाताखाली माझ्या.

तरी चूक झाली की पोरं त्यांच्याकडे जातात. माझा जळफळाट होतो, लपवून काय करायचं? टीम सांभाळायचं प्रशिक्षण पुण्याला जाऊन मी घेतलं. 'मनमोकळं बोला' अशी पेटी दाराशी मी लावली. काही दिवसांनी उघडली, तर आत चिवड्याचं रिकामं पाकीट. तिकडे भाऊंच्या टेबलापाशी बसायला खुर्ची मिळत नाही. आणि ते करतात काय? चुकलेल्याला चहा पाजतात आणि म्हणतात, "कोनं केलं थे सोड. करता कसं आलं, थे सांग." बस्स, एवढंच!

मागच्या महिन्यात पल्लवी या परतवाड्याच्या चांगल्या हुशार मुलीनं चाचणीच्या खोट्या नोंदी अकोल्याच्या शीतगृहाच्या खऱ्या नोंदींवर चढवल्या. चाचणीसाठी पोरांनी एक शेतकरी बनवला होता, टेस्टराव पाटील. सकाळी अकोल्यातली सगळी मिरची टेस्टरावांच्या नावावर! शीतगृहाच्या मॅनेजरचा फोन आला, "मॅडम, हा टेस्टराव कोन्या गावचा व्हय? लोकं त्याले मारायले शोधून राहिले!"

पल्लवीचं टेबल माझ्या दाराला लागून आहे. ती रडत गेली भाऊंकडे. दोघांनी बसून जुन्या नोंदी परत आणल्या, ज्याची मिरची त्याला मिळाली.

मालक मात्र तापले होते. मीटिंगमध्ये म्हणाले, "मला नाव पाहिजे. तो माणूस उद्यापासून या टीममध्ये नाही. अकोल्याला शीतगृहात बसून तक्रारी ऐकेल."

"मीच केलं असन," भाऊ म्हणाले.

"असन म्हणजे?"

"केलं, साहेब."

"मग जा अकोल्याला."

भाऊ डबा उचलून घरी गेले. आता पोरं माझ्याकडे येतील, हा माझा पहिला विचार.

तेवढ्यात पल्लवी उभी राहिली. "सर, भाऊ खोटं बोलले. मी केलं." तिच्या शेजारचा मुलगा उठला, "तपासायचं माझ्याकडे होतं. मी पाहिलंच नाही."

माझ्यासमोर असं कोणी कधी बोललं नव्हतं. आणि बोलले तेही त्यांच्यासाठी! जीव जळला. पण काम ते काम. मालकांना म्हटलं, "कोणी केलं ते सोडा. एकट्या माणसाला खऱ्या नोंदी पुसता येतात, ते आधी बंद करू. दोघांनी पाहिल्याशिवाय काही चढणार नाही. आणि भाऊ इथंच राहतील." अर्धं बोलणं भाऊंचं होतं. चोरताना लाज वाटली नाही. मालक कुरकुरले, पण मानले.

बातमी द्यायला संध्याकाळी मी भाऊंच्या घरी गेले. दाराशी अकोल्याची बॅग भरून तयार. मी सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि चहा ठेवायला आत गेले. घर लख्ख होतं. चादरीला सुरकुती नाही, टेबलावर धुळीचा कण नाही. असं घर माझं कधीच नसतं, म्हणून तिथंही मी थोडी जळलेच.

कप उचलताना माझ्या हातून चहा टेबलावर सांडला. फडकं शोधायला मी उठले.

"राहू द्या न, मॅडम," भाऊ त्या चहाकडे पाहत म्हणाले. "पोरगी सासरी गेली, मंग तिची माय बी गेली. तवापासून या घरात कोनं काई सांडलंच नाई."