बोरची आयाळ

यान्जमाने उकळत्या चहात मीठ टाकलं आणि त्याच वेळी दाशझेवेगचा ट्रक तिच्या गेरच्या, म्हणजे लोकरीच्या गोल तंबूच्या, दारात येऊन धापा टाकत थांबला. दाशझेवेग खाली उतरलाच नाही. खिडकीतून त्याने घडी घातलेला एक कागद पुढे केला.

"काकू, काकांचा निरोप. जिल्ह्याच्या गावाहून फोन आला होता, तार ऑफिसातल्या सेरेनदुलामने लिहून घेतलाय. उद्या सकाळी मी तिकडेच चाललोय. काय द्यायचं ते बांधून ठेवा."

"तब्येत बरी आहे ना रे त्यांची?"

"फोनवर ओरडण्याइतकी आहे," असं म्हणून तो गेलासुद्धा.

तो काळ सामुदायिक कळपांचा. यान्जमाच्या नवऱ्याने, गोम्बोसुरेनने, सांभाळलेल्या घोड्यांची कीर्ती त्या वर्षी चार खोऱ्यांपलीकडे गेली होती, आणि शनिवारी जिल्ह्याच्या सभागृहात राजधानीच्या पाहुण्यांसमोर त्याला पदक मिळायचं होतं. बोलावणं आलं तेव्हा तो घोडीचं दूध काढायला मदत करत होता. होता तसाच, दुधाचे डाग पडलेल्या कपड्यांत, आलेल्या जीपमध्ये चढून गेला.

यान्जमा अक्षरं शिकली ती मोठेपणी, प्रौढांच्या वर्गात. दोन ओळींपर्यंत तिची गाडी जायची, तिसऱ्या ओळीत रुतायची. म्हणून कागद घेऊन ती शेजारच्या गेरमध्ये चोइन्झोन गुरुजींकडे गेली. गुरुजींनी चाळीस वर्षं भाषा शिकवली होती. आता निवृत्तीनंतर ते शब्दांची मुळं शोधून एका जाड वहीत उतरवत असत. चष्मा त्यांच्याकडे होता, पण तो म्हाताऱ्या माणसांनी लावायचा असतो असं त्यांचं मत होतं.

गुरुजींनी कागद हातभर लांब धरला. मग आणखी थोडा लांब.

"'शनिवारी सगळ्यांसमोर उभं राहायचं आहे. बोर देल पाठव. विसरू नकोस.' संपलं."

"देल?" यान्जमा कागदावर वाकली. "गुरुजी, नीट बघा हो. देऽल असेल."

आमच्या भाषेत 'देल' म्हणजे आयाळ. तोच शब्द जरा लांबवून 'देऽल' म्हटला की अंगरखा होतो. लिहिताना मधल्या स्वराचं एक अक्षर जास्त पडतं, एवढाच काय तो फरक. आणि बोर म्हणजे मळकट तपकिरी. गोम्बोसुरेनचा ठेवणीतला अंगरखा त्या रंगाचा होता. त्याच्या कळपाचा नर घोडाही त्याच रंगाचा, त्याचं तर नावच बोर.

"असेल-बिसेल काही नाही," गुरुजी म्हणाले. "स्वराचं एकच अक्षर आहे. सेरेनदुलाम माझी विद्यार्थिनी. ऱ्हस्व-दीर्घात तिची चूक होणं म्हणजे माझी चूक होणं."

"पण कळपाच्या नराची आयाळ कुणी कापतं का? खच्ची घोड्यांची कापतात, दर वसंतात. बोरला जन्मात कात्री लागलेली नाही. गुडघ्याला टेकते त्याची आयाळ!"

"म्हणूनच मागवली असणार. राजधानीच्या लोकांनी कधी पाहिलीय अशी आयाळ? माणसाला पदक द्यायचं तर घोड्याचा पुरावा नको?" गुरुजींना आता रंग चढला. "आणि वहिनी, हे दोन शब्द मुळात एकच, बरं का. घोड्याच्या मानेला वारा लागू नये म्हणून आभाळाने त्याला दिलेला अंगरखा, तीच आयाळ. ते बघून माणूस कपडे घालायला शिकला. आपला अंगरखा घोड्यापेक्षा लांब, म्हणून आपण शब्दही लांबवला. मी वहीत लिहिलंय."

"काहीतरीच! अंगरखा आधी बाईने शिवला. घोड्याला कुणी शिवून दिला होता?"

"हा प्रश्नही वहीत आहे. उत्तर अजून नाही."

वाद बराच वेळ चालला. पण 'विसरू नकोस' या दोन शब्दांपुढे यान्जमाचं काही चालेना. तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने तिच्याकडे मागून मागून काय मागितलं होतं? एकदा सुई, एकदा माफी. आता तो चारचौघांत उभा राहणार, आणि आपल्यामुळे त्याचा हात रिकामा राहणार?

आता प्रश्न बोरचा होता. तो गोम्बोसुरेनशिवाय कुणालाही अंगाला हात लावू देत नसे. यान्जमा जवळ गेली तर त्याने कान मागे पाडले. गुरुजी जवळ गेले तर त्याने दात दाखवले.

"वासावर ओळखतो तो," यान्जमा म्हणाली आणि तिला युक्ती सुचली. तिने पेटी उघडली, नवऱ्याचा ठेवणीतला तपकिरी अंगरखा बाहेर काढला आणि स्वतःच्या अंगावर चढवला. अंगरखा टाचांपर्यंत आला, बाह्या बोटांच्या खाली लोंबल्या. त्याला तंबाखूचा, घोड्याच्या घामाचा आणि गोम्बोसुरेनचा वास होता. तिने मान खाली घातली, नवऱ्यासारखी फेंगडी चालत, नवऱ्यासारखीच दातांतून शीळ घालत ती पुढे गेली.

बोरने खांद्याचा वास घेतला आणि डोळे मिटले.

"चालू ठेवा," गुरुजी दगडाआडून कुजबुजले. "अगदी गोम्बोसुरेनच!"

कात्री चालू लागली. मूठ मूठ केस तिच्या हातात येत होते आणि तिचे डोळे भरत होते. निम्म्याहून जास्त काम झालं आणि गुरुजींना शिंक आली. बोरने डोळे उघडले. समोर मालकाचा अंगरखा होता, पण त्यात यान्जमा होती! इतका मोठा विश्वासघात त्याने आयुष्यात पाहिला नव्हता. त्याने अंगरख्याची कॉलर दातांत धरली आणि तिला वीस पावलं गवतावरून फरफटत नेलं. अंगरखा खांद्यापासून कमरेपर्यंत टर्रकन फाटला. यान्जमाने मात्र कात्री सोडली नाही. उरलेली आयाळ तिने फरफटत जाता जाता कापली.

मग तिने ती निळ्या रेशमी वस्त्रात गुंडाळली, कारण अशी वस्तू पोत्यात घालून पाठवायची नसते. शुक्रवारी सकाळी गाठोडं ट्रकमध्ये गेलं.

शनिवारी सकाळी गोम्बोसुरेनने जिल्ह्याच्या विश्रामगृहात ते उघडलं. वरच्या घडीत निळं रेशीम, आतल्या घडीत बोरची आयाळ. सोबत चिठ्ठी नाही.

आमच्याकडे निळ्या रेशमात आयाळ येते ती एकाच कारणाने. लाडका घोडा गेला, म्हणजे त्याची तेवढी खूण घरात ठेवतात.

गोम्बोसुरेन खाटेवर बसला. थोड्या वेळाने उठला, दाशझेवेगच्या ट्रकमध्ये जाऊन बसला आणि म्हणाला, "घरी चल."

"काका, पदक? राजधानीचे पाहुणे आलेत!"

"पाहुण्यांना म्हणावं, चहा घ्या. चल तू."

दोनशे किलोमीटर तो बोरबद्दल बोलत राहिला. ज्या वर्षी बर्फाने अर्धे कळप नेले त्या वर्षीचा तो जन्म. आई त्याच रात्री गोठून गेली. तेव्हा गोम्बोसुरेनने ते ओलं शिंगरू आपल्या अंगरख्याच्या आत, पोटाशी धरलं आणि नऊ दिवस तसंच वागवलं. "माझ्या हृदयाचे ठोके ऐकत वाढला रे तो," गोम्बोसुरेन म्हणाला. "त्याच अंगरख्यात पदक घ्यायचं होतं मला. पण यान्जमाने तोही पाठवला नाही. दुःखात विसरली असेल बिचारी."

दाशझेवेग बापडा गाडी चालवता चालवता रडत होता.

उन्हं कलताना ट्रक शेवटची टेकडी चढला. खाली घोड्या चरत होत्या आणि त्यांच्या मधोमध, मानेवर कुंचल्यासारखे केस उभे असलेला एक घोडा होता.

"हा कुणाचा खच्ची घोडा माझ्या कळपात घुसलाय?" गोम्बोसुरेन ओरडला.

आवाज ऐकताच तो घोडा खिंकाळत धावत आला आणि मालकाच्या खांद्यात तोंड खुपसून तक्रार सांगू लागला. गोम्बोसुरेन त्याच्या गळ्यात पडला, हसला, रडला. मग त्याचा हात त्या खुंटांवरून फिरला आणि तो गेरकडे निघाला.

दारात यान्जमा फाटका अंगरखा शिवत बसली होती.

"माझ्या घोड्याला काय केलंस तू?"

"मी? तुम्हीच मागितलीत!"

"मी अंगरखा मागितला!"

"कागदावर आयाळ आहे! विचारा गुरुजींना!"

गुरुजी आले. कागद आला. गोम्बोसुरेनने तो गुरुजींच्या नाकासमोर धरला. गुरुजींनी खिशात हात घालून सावकाश चष्मा काढला, लावला आणि वाचलं. स्वराची दोन अक्षरं होती. शेजारी शेजारी, टपोरी, शाळेच्या फळ्यावर असावीत तशी.

गुरुजींनी चष्मा पुसून पुन्हा लावला आणि पुन्हा वाचलं.

"चौथीत मी सेरेनदुलामला पैकीच्या पैकी दिले होते," गुरुजी शेवटी म्हणाले. "ते योग्यच होतं."

गोम्बोसुरेनला इतकं हसू आलं की त्याला खाली बसावं लागलं.

पदक पंधरा दिवसांनी जीपमधून आलं. बरोबर वर्तमानपत्राचा फोटोवालाही होता. गोम्बोसुरेनने शिवलेला अंगरखा घातला, फाटलेली बाजू बोरच्या अंगाला टेकवली आणि फोटो काढून घेतला. अंक आला तेव्हा खाली छापलं होतं: 'उत्कृष्ट घोडेपाळ गोम्बोसुरेन, आपल्या शांत स्वभावाच्या खच्ची घोड्यासह.'

खोरं आठवडाभर हसलं. माळावर गाठ पडली की लोक बोरच्या तब्येतीची चौकशी करत. गोम्बोसुरेनने ते सोसलं, पण गुरुजींना सोसवेना. त्यांनी संपादकाला खरमरीत पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही.

पुढच्या वसंतात कळपातल्या बावीस घोड्यांपैकी एकोणीस घोड्या व्यायल्या. एवढी शिंगरं एका वर्षात कुणी पाहिली नव्हती. प्रत्येक शिंगरू लटपटत उभं राहिलं की गोम्बोसुरेन हाक मारायचा, "गुरुजी, खच्ची घोड्याचं आणखी एक! कळवा पेपरवाल्यांना!" आणि गुरुजी चष्मा लावून, खरोखरच, एक पोस्टकार्ड लिहायचे.

एकोणिसाव्या कार्डानंतर संपादकाला दया आली. पहिल्या पानावर चौकटीत बातमी आली: 'खच्ची घोड्यापासून एकोणीस शिंगरं. जिल्ह्याच्या पशुपालनात नवी झेप.'

पुढच्याच आठवड्यात जिल्ह्याहून एक तरुण पशुवैद्य वही घेऊन आला. यान्जमाने त्याला चहा दिला. त्याने पेन्सिलीला टोक केलं आणि अदबीने विचारलं, "काका, नेमकं काय केलंत ते अगदी पहिल्यापासून सांगा."

"मी काहीच केलं नाही," गोम्बोसुरेन म्हणाला. "बायकोने माझा अंगरखा घातला आणि त्याची आयाळ कापली."

पशुवैद्याने ते शब्दशः लिहून घेतलं.