भाऊसाहेबांचा पाहुणचार

“येऊ दे तलाठ्याला! असा पाहुणचार करते, का दाखला घेऊन पळत येल!” गोदीने अख्ख्या पाड्यासमोर छातीठोक सांगितलं.

पोशेऱ्याच्या त्या पाड्यावरून बारावी पास झालेली पहिली पोर म्हणजे गोदीची रंजना. साल अठ्ठ्याण्णव. जव्हारच्या कॉलेजात नाव लागलं होतं, पण फी माफ व्हायची तर उत्पन्नाचा दाखला हवा. आठ दिवसांत दिला नाही, तर जागा दुसऱ्याला! तलाठी भाऊसाहेब म्हणाले होते, “आधी घर बघतो, मग दाखल्याचं बघू.”

ठरल्या दिवशी रंजना त्यांना आणायला फाट्यावर गेली. चिखल तुडवत दोघं आली आणि दारातच रंजना थबकली.

कुडाच्या भिंतीवर घड्याळ! सारवलेल्या भुईवर चार प्लास्टिकच्या खुर्च्या! फळीवर स्टीलचे डबे, नवरीच्या दागिन्यांसारखे लखलखणारे. आणि मधोमध, गळ्यात हार घालून बसलेला टीव्ही!

भाऊसाहेबांनी चष्मा पुसला. “इथं वीज कधी आली?”

“नाय आली,” रंजनाचा बाप, लाडक्या, ऐटीत म्हणाला. “पण आमची तयारी आहे!”

भाऊसाहेब खुर्चीत बसले. गोदीने चहाचा कप पुढे केला. वही उघडली. खुर्च्या चार. घड्याळ एक. टीव्ही एक. ओळीगणिक कॉलेज मैलमैल लांब पळायला लागलं!

“आये, काय केलंस गं हे?”

“मोठा माणूस घरी येतो. त्याला काय भुईवर बसवू?”

“भाऊसाहेब, यातलं आमचं काहीच नाही!”

“पोरी, दाखल्याच्या वेळी सगळे हेच सांगतात.”

रंजना अंगणात धावली आणि जिवाच्या आकांताने ओरडली, “ज्याचं त्याने घेऊन जा होऽऽ!”

पाडा लोटला! माघीने डबे उचलले. ढवळूने लग्नात मिळालेला टीव्ही डोक्यावर घेतला, हारासकट. मंगळीने घड्याळ काढलं आणि जाता जाता सगळ्यांना वेळ सांगितली. सोम्या भाऊसाहेबांसमोर हात जोडून उभा राहिला.

“भाऊसाहेब, जरा उठता का? खुर्ची शाळेची आहे. गुरुजी बोंबलतील.”

भाऊसाहेब उठले.

“आणि चहा होऊ द्या सावकाश. कप माझा आहे.”

पाच मिनिटांत घर मोकळं. उरली चूल, नागलीचं मडकं आणि खुंटीला रंजनाच्या पुस्तकांची पिशवी. भाऊसाहेबांनी बाहेर जाऊन पायातल्या चपला काढून ठेवल्या.

“बावीस वर्षं नोकरी झाली,” ते हळूच म्हणाले. “दाखल्यासाठी घरातलं लपवणारे रोज बघतो. पाहुण्यासाठी पाडाभर मागून आणणारे आज बघितले!”

लिहिलेलं पान त्यांनी टरकन फाडलं, गोदीच्या भुईवर मांडी घातली आणि नवं पान काढलं.

चौथ्या दिवशी दाखला हातात! गोल शिक्का, जांभळी शाई! कॉलेज पक्कं! गोदीने हात धुतले, पदराला पुसले आणि कागद देवाच्या प्रसादासारखा धरला. अख्खा पाडा श्वास रोखून उभा.

“काय लिवलंय गं?”

“आपण गरीब आहोत, असं.”

गोदीने कागद उलटून मागची बाजू बघितली. कोरी!

“एवढंच? अगं, मला विचारायचं! तोंडीच सांगितलं असतं की!”