हिट की एरर: हटवार सरांचा निकाल

पाचेक वर्षांपूर्वी माझ्या भाचीच्या लग्नात नवरदेवाच्या दोस्तांनी त्याला ऐन वेळी खांद्यावर उचललं. नवरीनं उडी मारून हार फेकला, तो नेमका व्हिडिओवाल्याच्या गळ्यात पडला. मांडवात हशा झाला. तेवढ्यात पहिल्या रांगेतून हटवार सरांचा खणखणीत आवाज आला, "एरर नाही! नवरदेवाले वर उचललं होतं. साधारण प्रयत्नात हार पोचतच नव्हता. पोरीच्या नावावर चूक लिहू नोका!"

कोणीच काही लिहीत नव्हतं. पण सरांचं समाधान झालं आणि ते खाली बसले.

नामदेव हटवार म्हणजे साकोलीचे निवृत्त पीटी मास्तर आणि जिल्ह्यातल्या सॉफ्टबॉल सामन्यांचे स्कोरर. मीही पीटी शिक्षक, त्यामुळे आठ वर्षं त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो. आमच्याकडे सॉफ्टबॉल म्हणजे बिघडलेलं क्रिकेट असंच लोक समजतात. सामना बघायला येतात ते खेळणाऱ्या पोरींचे मायबाप आणि दोनचार बकऱ्या. त्यातल्या बकऱ्या शेवटपर्यंत थांबतात.

स्कोररचं खरं काम रन मोजण्याचं नाही, ते कोणीही करतं. पोरीनं बॉल मारला आणि ती पळत पहिल्या बेसवर पोचली, तर ती कशामुळे पोचली हे ठरवायचं असतं. फटकाच तसा होता म्हणून पोचली तर हिट, समोरच्या फील्डरनं सोपा बॉल सोडला म्हणून पोचली तर एरर. हिट मारणारीच्या नावावर, एरर सोडणारीच्या. फील्डरनं साधारण प्रयत्न केला असता तर बॉल अडला असता का, एवढाच प्रश्न. आम्ही बाकीचे हा प्रश्न दोन सेकंदांत सोडवायचो. हटवार सरांना कधी कधी दोन तास लागत.

सामन्याआधी ते मैदानात चकरा मारत आणि कुठे खडा आहे, कुठे खळगा आहे ते वहीत मांडून ठेवत. "इथं बॉल उडते, रामटेके. ध्यानात ठेव." मी ध्यानात ठेवल्यासारखं करायचो. एकदा सामना संपून पोरी एसटीत बसल्या होत्या, कंडक्टरनं घंटीही मारली होती. सर बससमोर आडवे उभे राहिले आणि खिडकीखाली जाऊन ओरडले, "काय व पोरी, तिसऱ्या इनिंगमदी बॉल हाताले लागून गेला का हाताच्या वरून?" पोरीला तिसरी इनिंगच आठवत नव्हती. कंडक्टर म्हणाला, "मास्तर, एक काहीतरी लिहा न. कोन वाचून राहिलं?"

"कोनी वाचत नाही म्हनूनच बरोबर लिवा लागते," सर म्हणाले. "वाचनारा असला असता तं त्यानं दुरुस्त केलं असतं."

एका सरपंचाच्या मुलीच्या नावावर त्यांनी एरर लिहिला. सरपंच तावातावानं आले. सरांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि साधारण प्रयत्न म्हणजे काय ते समजावायला घेतलं. पाऊण तासानं सरपंच हात जोडून म्हणाले, "सर, दोन एरर लिवा. पन मले घरी जाऊ द्या."

शेवटच्या दोन वर्षांत हा प्रकार फारच वाढला. प्रत्येक वादाच्या बॉलनंतर सर मैदानात जात, उकिडवे बसत, मातीत खूण शोधत. अंपायर वैतागत. पोरी तोंडाला हात लावून हसत. म्हातारपणी माणूस हेकट होतो म्हणून आम्ही सोडून द्यायचो.

मग साकोलीतला तो सामना झाला. आंधळगावच्या मुली विरुद्ध जवाहरनगरच्या मुली, जिल्ह्याचा अंतिम सामना. त्यानंतर लगेच विभागाच्या संघासाठी निवड होती. आंधळगावची पिचर पल्लवी त्या दिवशी अंगात आल्यासारखी बॉल टाकत होती. सात इनिंगचा सामना, शेवटची इनिंग सुरू, तीनपैकी दोन खेळाडू बाद, आणि जवाहरनगरला एकही हिट मिळालेली नव्हती. अशी कामगिरी आमच्या जिल्ह्यात मी तरी पाहिली नव्हती. सर पेन्सिल दातात धरून बसले होते.

फटक्याचा आवाज आला. बॉल दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभ्या असलेल्या आंधळगावच्याच करिश्माकडे गेला आणि तिच्या मागे निघून गेला. बॅटर पहिल्या बेसवर पोचली. पुढची मुलगी बाद झाली, आंधळगाव जिंकलं. पोरींनी उड्या मारल्या आणि मग सगळ्यांची तोंडं आमच्या टेबलाकडे वळली. हिट लिहिली तर पल्लवीची कामगिरी गेली. एरर लिहिला तर निवडीच्या दिवशीच करिश्माच्या नावावर डाग.

सर मैदानात गेले, बसले, मातीवरून हात फिरवला. पोरींनी आधीच नाचून सगळी माती तुडवली होती.

करिश्मा जवळ आली. "सर, एरर लिवा. माहीच चूक होती. सोपा बॉल होता."

मागून पल्लवी धावत आली. "खोटं बोलते सर ते! बॉल उडाला. हिट द्या, मले काही फरक नाही पडत."

"तुले काहून फरक नाही पडत व?" करिश्मा तिच्यावर ओरडली.

"तू चूप बस!"

दोघी भांडायला लागल्या. आपापलं नुकसान मागत होत्या आणि दोघींच्या डोळ्यांत पाणी होतं. सरांनी दोघींकडे पाहिलं. "खेळाडूले इचारून निकाल होत नसते, बाई," एवढं बोलून त्यांनी माझा दंड धरला आणि मला पाण्याच्या टाकीमागे नेलं.

"रामटेके, मले बॉल दिसला नाही."

"ऊन होतं सर समोर."

"ऊन नाही गा. दोन वर्सं झाले, मले बॉल दिसत नाही. काचबिंदू हाय. फटक्याचा आवाज आयकतो, पोरी कुठं पळून राहिल्या ते अंदाजानं पायतो, अन् मंग जाऊन मातीत खूण शोधतो. आज खूणच नाही. तू पायला न?"

मी पाहिला नव्हता. त्या क्षणी मी मोबाईलवर होतो. मुख्याध्यापकांनी ग्रुपवर खेळाडूंचे फोटो मागितले होते, ताबडतोब. मी मान वर केली तेव्हा बॉल करिश्माच्या मागे गेलेला होता.

"हो सर," मी म्हणालो.

"काय होतं?"

"हिट. खड्यावर पडून उडाला."

हिटच का म्हणालो, कोण जाणे. करिश्माचा चेहरा डोळ्यांसमोर होता म्हणून असेल, किंवा काहीतरी एक सांगून सुटायचं होतं म्हणून. सरांनी माझा दंड सोडला आणि मोठा श्वास घेतला. "सुटलो बापा," म्हणाले. टेबलाशी जाऊन त्यांनी स्कोरचा तक्ता नाकाला लागेल इतका जवळ धरला, हिट लिहिली, सही केली. पल्लवी "चांगलं झालं" म्हणाली आणि मैदानाच्या कडेला जाऊन कितीतरी वेळ बुटाची नाडी बांधत बसली.

अर्ध्या तासानं निवड समितीच्या गृहस्थांनी पिशवीतून संघाची यादी काढून वाचली. टाइप केलेली यादी. कागदाला घड्यांच्या जुन्या रेघा पडलेल्या होत्या. त्यात पल्लवी नव्हती आणि करिश्माही नव्हती. सरांचा तक्ता त्यांनी मागितला नाही. सरांनीच तो पुढे केला, तेव्हा "राहू द्या, नंतर पाठवा" म्हणाले आणि गाडीत बसून गेले.

सर परत मैदानावर आले नाहीत. गुडघे दुखतात, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. आता तक्ता मी भरतो. दोन सेकंदांत भरतो.

परवा त्यांच्याकडे गेलो. बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा हैदराबादला. सर ओसरीत बसले होते, मी बोललो तेव्हा त्यांना मी कोण ते कळलं. चहा करायला उठले, मी बसवलं आणि मीच केला. करिश्माचं लग्न ठरल्याचं सांगितलं.

"अन् पल्लवी? खेळते न?"

"खेळते सर." पल्लवीनं मैदान सोडून वर्ष झालं आहे.

सरांनी कपात फुंकर घातली. मग म्हणाले, "रामटेके, तो बॉल कसा उडाला होता गा? मले एकदा सांग न. मनात येऊन राह्यते घडीघडी."

मी त्यांच्याकडे पाहिलं. आता खरं सांगून टाकावं, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांनी कप खाली ठेवला होता आणि डोळे मिटून, मान जराशी पुढे काढून ते वाट बघत होते.

"फटका जमिनीलगतच होता सर," मी सुरू केलं. "जोरात आला. करिश्मा बरोबर लाईनमध्ये होती, वाकलेली, ग्लोव्ह मातीला टेकवलेला. तिच्या दोन हात पुढे बारीक खडा होता. बॉल त्याच्यावर पडला अन् टण्णकन उडाला."

"कुठवर?"

"खांद्यापर्यंत. तिनं झेप घेतली, पूर्ण आडवी झाली. तरी नाही पोचली."

सरांची मान बॉलच्या मागे मागे वळली, खांद्यापर्यंत, मग पार मागे भिंतीकडे. चेहऱ्यावर हसू आलं.

"मंग बरोबर देली आपन हिट."

"हो सर."

"पोरीनं झेप घेतली म्हनतेस?"

"पूर्ण आडवी."

"अजून एकदा सांग," सर म्हणाले. "घाई करू नोको."

मी पुन्हा सांगितलं. या वेळी बॉल जरा जास्तच उंच उडाला.