रौप्यनगरीचा पूल

"मागच्या रविवारी आपण ज्या शहरात होतो, त्याचं नाव सांगा," चष्मेवाला म्हणाला.

जेवणाच्या टेबलाभोवती बसलेल्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"ते नाही का, मी पाण्यात पडलो होतो ते," प्लंबर म्हणाला.

"ते त्याच्या आधीचं," चष्मेवाल्याची धाकटी बहीण म्हणाली. "यात मनोरे होते. बरेच होते. हो ना रे दादा?"

दादाने त्या मनोऱ्यांवर तीन आठवडे घालवले होते. प्रत्येकाला वेगळा कळस, वेगळा इतिहास, एकात तर शापित राजकन्या. आणि हिशेब काय, तर 'बरेच होते'.

खेळ तसा साधा. एकाने सूत्रधार व्हायचं आणि मनाने रचलेलं शहर इतरांना सांगायचं. इतरांनी त्यात शिरून आपण काय करतो ते सांगायचं, आणि जमलं की फसलं ते फाशांनी ठरवायचं. सहा वर्षं दर रविवारी दुपारी चष्मेवाला सूत्रधार होता. दंतवैद्य तलवारबहाद्दर, प्लंबर जादूगार, आणि आठवडाभर वाचनालयात एकेक पुस्तक मोजून घेणारी बहीण अट्टल चोर. दुकानात चष्मेवाला लोकांना दिवसभर भिंतीवरची अक्षरं दाखवायचा. रविवारी मात्र या तिघांना जे दिसायचं, ते त्याच्या डोक्यातलं असायचं. त्याच्या आयुष्यात स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं.

दंतवैद्याने खुर्ची पुढे ओढली. दाढ काढण्याआधी पेशंटशी बोलतो त्याच गोड आवाजात तो म्हणाला, "हे बघ, राग मानू नकोस. मी एक तयार शहर विकत आणलंय. छापील आहे, रंगीत नकाशासकट. पुढचा रविवार तुझा. तेव्हाही शहर लक्षात राहिलं नाही, तर त्यानंतर खेळ माझ्या घरी. सूत्रधार मी."

"अजिबात दुखणार नाही," प्लंबरने पुस्ती जोडली.

चष्मेवाला इरेला पेटला. सोमवार ते शुक्रवार, दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा आणि दोनदा गिऱ्हाईक समोर असताना, त्याने रौप्यनगरी वसवली. चांदीचा पूल, नऊ मनोरे, त्यातल्या एकात पुन्हा एक शापित राजकन्या, भविष्य दाखवणारं तळं, आणि शहरावर आग ओकणारा डोंगरावरचा ड्रॅगन. वही भरली, पण अक्षर असं की ते वाचायला त्याच्याच दुकानातलं जाडात जाड भिंग लागावं.

"आणा इकडे," शनिवारी सकाळी सासूबाई म्हणाल्या. "मी स्वच्छ लिहून देते."

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सासूबाई दोन महिने लेकीकडे राहायला आल्या होत्या. नगरपालिकेच्या तक्रार विभागात त्यांची एकतीस वर्षं नोकरी झाली होती. त्या निवृत्त झाल्या, हात झाला नव्हता. समोर येईल त्या कागदावर त्या शेरा मारत. परवा एका लग्नपत्रिकेवर त्यांनी 'पत्ता अपुरा, खुणेची जागा नमूद करावी' असं लिहून ठेवलं होतं.

"चुका दिसल्या तर दुरुस्त करू ना, जावईबापू?"

"करा की," जावईबापू म्हणाले. त्यांच्या मनात ऱ्हस्व-दीर्घ होतं. त्यांना दुकान उघडायचं होतं, आणि रविवारी दुपारपर्यंत त्यांना ती वही उघडायलाही फुरसत झाली नाही.

रविवारी तिघं बसले. दंतवैद्याने छापील शहराचं खोकं मुद्दाम सगळ्यांना दिसेल असं पायाशी ठेवलं. चष्मेवाल्याने घसा साफ केला, वही उघडली आणि ठेवणीतला आवाज लावला.

"दूर धुक्यात रौप्यनगरी झळाळते आहे. तुमच्यासमोर आहे चांदीचा तो जगप्रसिद्ध पूल. पूल..." तो अडखळला. मोत्यासारख्या अक्षरात पुढे लिहिलं होतं ते त्याच्या तोंडून निघूनही गेलं. "पूल दुरुस्तीसाठी बंद आहे."

दंतवैद्याचा हात पायाशी ठेवलेल्या खोक्याकडे गेला.

"कधीपासून?" प्लंबरने विचारलं.

चष्मेवाल्याने पान उलटलं. "अकरा वर्षांपासून."

"कुणाच्या अखत्यारीत येतो?" बहीण सावरून बसली.

"जादू विभाग म्हणतो, पूल नदी विभागाचा. नदी विभाग म्हणतो, चांदी आमच्याकडे येत नाही." चष्मेवाल्याने वही डोळ्यांजवळ धरली. त्याने भराभर पानं चाळली. भविष्य दाखवणाऱ्या तळ्याबाहेर रांग होती, आणि ते तळं फक्त मंगळवारी उघडत होतं. नऊ मनोऱ्यांपैकी चार विनापरवाना होते. शापित राजकन्येच्या शापाची मुदत संपली होती, पण तसा दाखला न मिळाल्याने ती अजून वरच होती.

"बिचारी!" बहीण कळवळली. "दादा, दाखला कुठे मिळतो?"

सहा वर्षांत तिने दादाला एकाही मनोऱ्याचा पत्ता विचारला नव्हता. चष्मेवाल्याने वहीत पुन्हा शोधलं. दाखल्याचं ठिकाण तिथे लिहिलेलं नव्हतं. शेवटी त्याने स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "सासूबाई, राजकन्येचा दाखला?"

"खिडकी क्रमांक चार!" आतून उत्तर आलं. "पण दोन साक्षीदार लागतील. आणि चारवरच्या बाई जेवायला गेल्यात."

तिघंही खो-खो हसले. पण हसून थांबले नाहीत, रांगेत उभे राहिले. तलवारबहाद्दराने तलवार उपसली, तेव्हा शस्त्र बाहेर ठेवायची पाटी असल्याचं आतून कळवण्यात आलं. जादूगाराने अदृश्य व्हायचा प्रयत्न केला, तर अदृश्य माणसाचा नंबर धरला जात नाही असं कळलं. दर पाच मिनिटांनी कुणीतरी आत ओरडून विचारू लागलं, तशा सासूबाई काठी टेकत बाहेर आल्या. दंतवैद्याने उठून त्यांना खुर्ची दिली. त्यांना पाय टेकायला त्याने स्वतःच छापील शहराचं खोकं पुढे सरकवलं, तेव्हा चष्मेवाल्याला पहिल्यांदा हायसं वाटलं.

"एक सांगा आजी," प्लंबर व्यवसायावर आला. "नऊ मनोरे, एवढी वस्ती. सांडपाणी जातं कुठे?"

सासूबाईंचे डोळे चमकले. "हा प्रश्न एकतीस वर्षांत पहिल्यांदा कुणी वेळेवर विचारला. डोंगराखालच्या गुहेत."

"ड्रॅगन राहतो त्या?"

"त्याच."

"मग तो आग ओकणार नाही तर काय करेल!" प्लंबरने टेबलावर मूठ आपटली.

आता ड्रॅगनला मारायचं कुणाच्या डोक्यातही राहिलं नाही. तिघं गुहेत गेले ते त्याचं म्हणणं लिहून घ्यायला. ड्रॅगनचा आवाज सासूबाईंनीच काढला, आणि तो गुरगुरणारा नव्हता, थकलेला होता. "तीन अर्ज दिले हो मी. पोचसुद्धा मिळाली नाही. शेवटी आग ओकली. आता सगळे म्हणतात, ड्रॅगन वाईट." दंतवैद्याने चष्मा काढून डोळे पुसले. सांडपाण्याचा नवा नळ कुठून न्यायचा याचा आराखडा प्लंबरने वर्तमानपत्राच्या कडेला काढला. तिन्ही फासे चांगले पडले, नळ बसला, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा सगळे उभे राहून ओरडले.

जाताना दंतवैद्य दारात थांबला. "रौप्यनगरी," तो स्वतःहून म्हणाला. "चांदीचा पूल, खिडकी क्रमांक चार. काय शहर आहे! पुढच्या रविवारी इथेच." मग तो आत वळून म्हणाला, "आजी, तुम्ही असाल ना?"

चष्मेवाल्याला विचारायचं तो विसरला.

चष्मेवाल्याला वाईट वाटलं, नाही कसं? शहर वाचलं होतं, पण त्याची खुर्ची गेली होती. पुढच्या रविवारी सूत्रधाराच्या जागी सासूबाई बसल्या, कानामागे पेन्सिल अडकवून. तो चहाच्या निमित्ताने उगाच स्वयंपाकघराच्या दारात घुटमळत राहिला.

"जावईबापू, दारात का? या, बसा. तुम्ही शहराच्या वेशीवर आहात. नाव?"

त्याने नाव सांगितलं.

"कुठून आलात? काय काम काढलंत?"

सहा वर्षं तो शहरं बांधत होता, पण कुठल्याही शहराच्या वेशीवर असा परका म्हणून तो कधी उभा राहिला नव्हता. समोरच्या दारापलीकडे काय आहे, ते त्याला ठाऊक नव्हतं. तो खुर्ची ओढून पुढे बसला.

"आत काय आहे?" त्याने हळूच विचारलं.

"ते आत गेल्यावर कळेल. फासा टाका."

फासा पडला दोनावर. "कागद अपुरे," सासूबाई म्हणाल्या. "पुढच्या रविवारी या."

तो आठवडा चष्मेवाल्याने कसा काढला ते त्याचं त्याला ठाऊक. सोमवारी सासूबाईंनी न सांगताच त्याने त्यांना चहा करून दिला. मंगळवारी नवी काठी आणली. बुधवारी त्यांच्या चष्म्याच्या काचा पुसून दिल्या आणि पुसता पुसता सहज विचारल्यासारखं विचारलं, "सासूबाई, वेशीच्या आत उजवीकडे काय आहे, एवढंच सांगा ना."

सासूबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, जावयाकडे नीट पाहून घेतलं आणि वर्तमानपत्र उघडलं.

"कार्यालयातल्या गोष्टी मी घरी बोलत नाही," त्या म्हणाल्या.