मास्तरांची हेझल

झाडाला बर्फ घालणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला. सबनीस मास्तर. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. टेंभी नाक्याजवळ माझं सुतारकामाचं दुकान, आणि समोरच्या चाळीत वरच्या मजल्यावर हे एकटे. मुंबईच्या एका कॉलेजात झाडाझुडपांचं शास्त्र शिकवायचे. पौष लागला की गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी खांद्यावर घेऊन यायचे आणि माझ्या दारात थांबायचे.

"मिस्त्री, भुसा."

भुशात बर्फ टिकतो, म्हणून. लोक शेकोटीला बसलेले, आणि हे गॅलरीतल्या अर्ध्या पिंपाभोवती बर्फ थापतायत. पिंपात एक झाड, माझ्या छातीइतकं. पार उत्तरेकडच्या बर्फाळ पहाडातलं. थंडी बसल्याशिवाय फुलत नाही म्हणे.

झाडाचं नाव हेझल. तिथंच घोटाळा झाला. ठाण्यात ख्रिस्ती वस्ती जुनी, हेझल नावाच्या दोन बाया तर मीच ओळखायचो. आणि मास्तर बर्फवाल्याला ओरडून सांगायचे, "लवकर दे रे बाबा, हेझलला उकाडा सोसत नाही!" झालं. त्यांच्या खालच्या खोलीतल्या गोदूकाकू माझ्याकडे येऊन हळूच म्हणाल्या, "मिस्त्री, मास्तरांनी मडमीण ठेवलीय म्हणतात. बर्फावर झोपते."

"काकू, झाड आहे ते."

"तुम्ही पुरुष सगळे एकमेकांना सामील!"

मास्तरांच्या कानावर घातलं तर म्हणाले, "सिद्ध व्हायचंय अजून." हे त्यांचं सगळ्यालाच. भाजीवाली म्हणाली वांगी ताजी आहेत, तर सिद्ध व्हायचंय. एकदा मी म्हटलं, ही फळी सागाची, तर तेच! मी मराठी तिसरी शिकलेला, पण हे कोण मला साग शिकवणार? त्या दिवशी भुसा दिला नाही. त्यांनी मुकाट्यानं फळीचा एक पापुद्रा नेला, सूक्ष्मदर्शकाखाली घातला, आणि सकाळी येऊन म्हणाले, "साग. माफ करा." मग मी दोन पोती दिली.

सुट्टीत ते कल्याणच्या खाडीचा, शहाडच्या नदीकाठचा चिखल डबे भरभरून आणायचे. त्यात म्हणे हजारो वर्षांपूर्वीचे परागकण असतात. जीव जातो, कवच राहतं. कुठलं झाड कुठल्या झाडापासून झालं, ते त्या कवचांच्या ठेवणीवरून कळतं. हेझलचं घराणं माणसाच्या कितीतरी आधीचं.

"म्हणजे आमच्याहून कुलीन," मी म्हटलं.

"माझ्याहूनही," मास्तर म्हणाले.

पण ह्या घराण्याला एक खोड. एकाच झाडावर नर-मादी दोन्ही फुलं. नराच्या पिवळ्या शेपट्या लोंबतात, आणि मादी म्हणजे कळीच्या टोकाला लाल दोऱ्यांचा झुबका, दिसेल न दिसेलसा. तरी स्वतःच्या परागानं फळ धरत नाही. दुसऱ्या झाडाचाच लागतो, आणि दुसरं झाड पार पहाडात. तिसऱ्या वर्षी लाल दोरे आले तेव्हा मास्तरांनी पराग टपालानं मागवला. काय वाटेल ते होवो, ह्या झाडाला एक तरी फळ धरलंच पाहिजे, असा त्यांचा ध्यास.

दिवसा मास्तर कॉलेजात, म्हणून पोस्टमन त्यांचं टपाल माझ्याकडे ठेवायचा. एक दिवस कोपरा फाटलेलं पाकीट आलं आणि आतून पुडी घरंगळली. उघडली, तर पिवळी पूड. आमचं कुलदैवत खंडोबा. बहीण जेजुरीला दिलेली, ती दर वर्षी भंडारा पाठवते. पत्ता इंग्रजीत होता. तो मला वाचता येत नाही आणि कुणाला विचारणं माझ्या स्वभावात नाही. वहाणा काढल्या, कपाळभर मळवट भरला, करवतीला लावला, रंध्याला लावला, आणि उरलेला 'येळकोट येळकोट जय मल्हार' म्हणून उधळून दिला.

संध्याकाळी मास्तर आले. रिकामा कागद पाहिला आणि फळीवर बसले. मला वाटलं, आता शिव्या. पण ते माझ्या कपाळाकडे बघत राहिले.

"मिस्त्री, हलू नका. घाम येऊ देऊ नका. पराग आहे तो, भिजला की मेला."

"चिखलात हजार वर्षं टिकतो, आणि माझ्या घामात नाही?"

"बोलू नका! आठ्या पडतात."

वाऱ्यानं उडू नये म्हणून तोंडासमोर छत्री धरून त्यांनी मला रस्ता ओलांडून नेलं. जिन्यात गोदूकाकू कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अगो बाई, आता मिस्त्रीपण!" वर मी मान वाकवून उभा, आणि मास्तर बारीक कुंचल्यानं माझ्या कपाळावरची पूड एकेका लाल दोऱ्याला लावतायत. मानेला रग लागली, पण चूक माझी होती, हललो नाही.

"आता धरेल फळ?"

"एवढ्यात नाही. पराग आत जाऊन महिनोन् महिने थांबतो. मग पुढचं."

"आत करतो काय इतके दिवस?"

"थांबतो."

भाद्रपदात फळ धरलं. एकच, बोराएवढं. पिकल्यावर ते घेऊन मास्तर दुकानात आले. एक सागवानी डबी करून द्या म्हणाले, पहाडात पाठवायचंय. मी डबीला रंधा मारत असताना आपणहून बोलले. पराग पाठवणाऱ्या बाई तिकडच्या कॉलेजात शिकवतात. दोघं बरोबर शिकलेली. ह्यांनी एकदा लग्नाचं विचारलं होतं. त्यांचं उत्तर आलं, जिथं हेझल जगत नाही तिथं मी कशी जगू?

"विनोदानं लिहिलं असेल," मास्तर म्हणाले. "पण दुसरं उत्तर काही आलं नाही."

मग फळ माझ्या तळहातावर ठेवलं. "लाकूड ठोकून ठोकून तुमचा कान तयार आहे. वाजवून सांगा. भरीव आहे ना?"

कानाशी नेऊन नखानं वाजवलं. पोकळ होतं.

"भरीव आहे," मी म्हणालो.

मास्तरांनी मान हलवली. कापूस घालून फळ डबीत ठेवलं आणि तिथंच उभ्या उभ्या सुंदर अक्षरात पत्ता घातला. टपाल गेल्यावर माझ्या डोक्यात आलं, की वर त्यांच्या खोलीत काचेच्या पेटीतला तराजू आहे, चिमूटभर परागाचंसुद्धा वजन सांगणारा. फळ त्यांनी आधीच तोलून पाहिलं असणार.