बिराजदार सर वारा बघायला जातात

बिराजदार सरांना वेळ विचारली, की ते घड्याळ बघून सांगायचे, "माझ्या घड्याळात सव्वादहा झालेत. खरे किती वाजले ते मला म्हाईत न्हाई."

लातूरच्या ज्या कोचिंग क्लासमध्ये मी रसायनशास्त्र शिकवत होतो, तिथं सर परीक्षांवर देखरेख करायचे. मूळचे ते भूगोलाचे मास्तर. भूकंप झाला त्या पट्ट्यातल्या एका गावात शाळेवर होते. भूकंपानंतर नोकरी सोडून शहरात आले. आमच्याकडं गावोगावची पोरं डॉक्टर-इंजिनीअर व्हायला यायची, भूगोलाला कुत्रं विचारत नव्हतं. सरांना त्याचं काही वाटत नसे. त्यांचा हट्ट एकच, स्वतः बघितल्याशिवाय बोलायचं नाही. "तुम्ही बघितलंय का?" हा त्यांचा ठरलेला सवाल. केळीचा घड खाली लोंबतो, पण केळी वर तोंड करून वाढतात, असं मी एकदा सहज बोलून गेलो. रविवारी सर एसटीनं अर्धापूरला जाऊन बागेत उभे राहून आले. सोमवारी स्टाफरूममध्ये शिरता शिरता म्हणाले, "मास्तर, बरोबर हाय तुमचं."

आमच्या समोरच्याच खोलीत ते एकटे राहायचे. माझी मुक्ता तेव्हा सहावीत होती. तिनं एकदा त्यांना विचारलं, "आजोबा, खारे वारे आणि मतलई वारे म्हणजे काय हो?"

"दिवसा वारा समुद्राकडून जमिनीकडं येतो, ते खारे वारे. रात्री जमिनीकडून समुद्राकडं जातो, ते मतलई. असं पुस्तकात लिव्हलंय. मी बघितलं न्हाई."

मुक्तानं सहामाहीत तस्संच लिहिलं, शेवटच्या वाक्यासकट. बाईंनी भोपळा दिला.

मी ही गंमत सांगायला गेलो, तर सरांचा चेहराच उतरला. "माझ्यापायी लेकराचे मार्क गेले," म्हणत राहिले. डिसेंबरात एके दिवशी त्यांनी दार वाजवलं. "मास्तर, रत्नागिरीला चाललोय. येता का? एकट्यानं बघितलेलं लोक मानत न्हाईत."

रत्नागिरीला त्यांचा जुना विद्यार्थी रफीक होता. नौदलातली नोकरी पुरी करून त्यानं एक शिडाची बोट घेतली होती आणि ती मालवणला न्यायची होती. एका रात्रीचा प्रवास. सर साठीचे, मी पंचेचाळीसचा. समुद्र आम्ही दोघंही पहिल्यांदाच बघत होतो. धक्क्यावर सरांनी आधी पाण्यात बोट बुडवलं (हाताचं) आणि जिभेला लावलं. "खारं हाय," म्हणाले आणि मगच चढले.

दुपारी निघालो. शिडात वारा भरला तशी बोट एका अंगावर कलली. मी जो कठडा धरला तो सोडलाच नाही. घरून आणलेला चिवडा संध्याकाळपर्यंत समुद्राला अर्पण करून मोकळा झालो. सर मात्र फळीवर मांडी घालून ताठ बसलेले. किनारा डाव्या हाताला, वारा उजव्या कानाला. दर तासाला वहीत तेवढंच लिहीत होते.

अंधार पडल्यावर दीपगृहाचा उजेड फिरू लागला. पाण्यावर कोळ्यांच्या जाळ्यांचे बारके दिवे मिणमिणत होते आणि सुकाणू धरून बसलेला रफीक त्यांना वळसे घालत होता. मध्यरात्रीनंतर वारा पडला. शीड लुळं झालं, बोट जागच्या जागी डुलत राहिली.

मग डाव्या गालाला गार लागलं. पाठोपाठ मातीचा आणि जळक्या पाचोळ्याचा वास आला. शीड फडफडून उजवीकडं गेलं आणि बोट चालू लागली.

"सर, हाच तुमचा मतलई," रफीक म्हणाला.

सरांनी वही उघडली, पण लिहिलं काहीच नाही. ती मांडीवर तशीच ठेवून म्हणाले, "रफीक, तुमच्या वर्गात शोभा होती."

"हाव सर. भूकंपात गेली ती."

"त्याच्या आधी जमीन बारीक बारीक हादरायची, आठवतंय? तिनं मला इचारलं होतं, सर, आम्ही घरात झोपावं का बाहेर? मी म्हणालो, आपलं दख्खनचं पठार लई मजबूत, पुस्तकात लिव्हलंय. आत झोपा बिनघोर."

रफीकनं समोरची नजर हलवली नाही. "सर, आम्हीबी महिनाभर अंगणात झोपलो होतो. पावसाला कंटाळून अब्बांनी आत नेलं. सगळं गावच आत गेलं होतं. तुमचं ऐकून न्हाई."

सरांनी वही मिटली. पुढं सरकून सुकाणूला हात लावत म्हणाले, "हे कसं धरायचं, दाखव."

रफीकनं दाखवलं. बोट दोन-चारदा इकडंतिकडं गेली, मग सरळ चालू लागली. रफीक त्यांच्या पायाशीच फळीवर आडवा झाला, पण डोळे उघडे ठेवून.

"मास्तर, थंडी हाय," सर मला म्हणाले. "खाली जाऊन पडा."

मी खाली उतरून घोंगडी ओढून घेतली. डोळा लागत होता, तेवढ्यात वरून त्यांचा आवाज आला.

"डावीकडं एक दिवा दिसतोय. लांब हाय. मी बघतोय, तुम्ही झोपा."