मागचं दार

चिरंजीवांनी फावल्या वेळात निरोप कुलूपबंद करणारं एक सॉफ्टवेअर लिहिलं आणि जगाला फुकट वाटून टाकलं. निरोप धाडणारा नि ज्याला धाडला तो, एवढे सोडून ब्रह्मदेवालाही तो वाचता येत नसे. खुद्द चिरंजीवांनाही नाही. नेमकं तेच अंगाशी आलं. कुण्या भामट्यानं त्यावरून आपला कट शिजवला आणि तपास अधिकारी थेट बैठकीच्या खोलीत येऊन बसले.

"त्याचे निरोप उघडून द्या. नाहीतर साथीदार म्हणून खटला तुमच्यावर."

"साहेब, मला उघडताच येत नाहीत."

"बनवलंत तुम्ही, आणि उघडता येत नाही?" साहेबांना रागापेक्षा कुतूहलच जास्त होतं. ते पुढे सरकले. "खरं सांगा, गुपचूप आत शिरायला मागचं दार ठेवलंय ना?"

"नाही हो!"

"आहे की!" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "साहेबांशी खोटं कशाला बोलतोस रे?"

साहेबांनी पेन काढलं.

"बोला आई. कोण कोण यायचं त्यातून?"

"सगळेच! शेजारीण तर विचारायचीसुद्धा नाही."

साहेबांनी ते जबाबात उतरवलं.

"आई, ते आपल्या घराचं विचारत नाहीयेत!"

"मग काय लोकांच्या घराचं सांगू?"

साहेबांना आता धीर धरवेना. "जबाबातलं दार मला स्वतः बघू द्या," म्हणत, आईनं बोट दाखवलेलं दार जोर लावून ढकलत ते परसात गेले. मागे वाऱ्यानं दार धाडकन लागलं.

"उघडा!"

"नाही उघडायचं ते आता," आई आतून म्हणाली. "लाकूड फुगलंय, एकदा लागलं की अडकूनच बसतं. शेजारीण येऊ नये म्हणून मी दुरुस्तच केलं नाही."

"तुमचंच दार, आणि तुम्हाला उघडता येत नाही?"

कुंपणावरून उडी मारून साहेब पुढच्या दारानं परतले. गुडघे झटकत खुर्चीत बसले.

"तुमचं सॉफ्टवेअरही असंच?"

"अगदी असंच."

"मग तुम्ही कसले साथीदार? पण लिहिलेलं खोडायची आम्हाला मुभा नाही." त्यांनी खाली भर घातली: 'सदर मागच्या दारातून आता कोणासही आत येता येत नाही. स्वतः खात्री केली.' मग सही केली नि शिक्का मारला.

चिरंजीवांचा जीव भांड्यात पडला. "साहेब, याची एक प्रत मिळेल? सॉफ्टवेअरच्या पहिल्या पानावर लावतो."

"दोन द्या," आई म्हणाली. "एक शेजारणीला दाखवते."